प्रत्येकाचा ठसा वेगळा

तुमच्या घरी पाच-सहा वर्षांचा धाकटा भाऊ किंवा बहीण आहे का? घरी नसेल, तर शेजारी नक्कीच असेल. आज एक गंमत करा. शाईत बुडवून त्याचा अंगठा आणि तुमचा अंगठा एकाच कागदावर उठवा. मग दोन्ही ठसे उजेडात नीट पाहा. रेषा कुठे वळतात, कुठे फुटतात, कुठे मिळतात, हे दोघांचे सारखे नसते. जुळ्या भावंडांचे चेहरे कितीही सारखे असले, तरी त्यांच्या बोटांचे ठसे वेगळे असतात. हे ठसे बाळ आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे प्रत्येक मूल आपला वेगळेपणा सोबत घेऊनच जन्माला येते.

पण हे त्या लहान मुलाला कोण सांगणार? त्याच्या कानावर तर दुसरेच पडत असते. "भाऊ बघ कसे पाढे म्हणतो!" "आपाचे अक्षर बघ मोत्यासारखे, आणि तुझे?" बोलणाऱ्याच्या मनात राग नसतो. मूल शिकावे, म्हणूनच तो बोलतो. पण रोज असे ऐकणाऱ्या मुलाला हळूहळू वाटू लागते, की आपण म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी बिघडलेली नक्कल आहोत.

मी भिंगारला राहतो. आमच्या शेजारी सहा वर्षांची एक मुलगी आहे. तिची थोरली बहीण नववीत शिकते आणि ती फार हुशार आहे. एकदा मी धाकटीला सहज विचारले, "बेटा, तुला काय काय येते?" ती लगेच म्हणाली, "मला काही येत नाही. सगळे आपालाच येते." एवढ्याशा तोंडून हे ऐकून मला फार वाईट वाटले. शाळेतही ती गप्प बसू लागली होती. बाईंनी वही मागितली, की ती वही पाठीमागे लपवत असे.

एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या अंगणात बसलो होतो. भिंतीपलीकडे एक शेळी ओरडली. धाकटी मान न वळवता म्हणाली, "ही काळी आहे. करडाला बोलावते आहे." थोरलीने उठून पाहिले, तर खरेच काळी! घरच्या चारही शेळ्यांचे आवाज त्या मुलीला ओळखू येत होते. थोरली म्हणाली, "मला तर सगळ्या सारख्याच वाटतात. तू कशा ओळखतेस? मला शिकव ना!" मग धाकटी किती तरी वेळ बोलत राहिली. त्या दिवसापासून ती लगेच वर्गात पहिली येऊ लागली, असे मुळीच नाही. तिचे अक्षर अजून वाकडेच आहे. पण आता ती वही लपवत नाही. आपाकडून अक्षर गिरवून घेते आणि आपाला शेळ्यांचे आवाज शिकवते.

भिंगारजवळच अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला आहे. 1942 च्या 'भारत छोडो' आंदोलनात इंग्रज सरकारने काँग्रेसच्या मोठमोठ्या नेत्यांना तेथे कैदेत ठेवले. सर्वांना भिंती त्याच आणि पहाराही तोच. तरी प्रत्येकाचा दिवस निराळा होता. मौलाना अबुल कलाम आझाद पहाटे उठून स्वतः चहा करत आणि उर्दूत पत्रे लिहीत. ती पत्रे तेव्हा टपालात पडली नाहीत. पुढे 1946 मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने ती पुस्तकरूपाने आली. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांना मौलानांनी आधी हाकलून पाहिले, मग दाणे टाकून त्यांच्याशी दोस्ती केली. तीही हकीकत त्या पुस्तकात आहे. पंडित नेहरू उन्हातही माती खणून फुलांचे वाफे करत. 1944 मध्ये तेथेच त्यांनी 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. मौलानांसारख्या सोबत्यांचे आपल्याला साहाय्य झाले, असे त्यांनी प्रस्तावनेत आदराने नोंदवले आहे. दोघांचे मार्ग वेगळे होते, म्हणूनच एकाजवळचे दुसऱ्याच्या उपयोगी पडले.

तुम्ही म्हणाल, "मग ज्याला जे आवडेल तेच त्याने करावे का?" तसे नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरला 1978 मध्ये जन्मलेला झहीर खान पाहा. तो गोलंदाजी डाव्या हाताने करी आणि फलंदाजी उजव्या हाताने. 2011 चा विश्वचषक भारताने जिंकला, त्या स्पर्धेत त्याने 21 बळी घेतले. नुसता डावा हात असून बळी मिळत नाहीत. त्या हाताला मेहनतीची जोड द्यावी लागते. वेगळेपणा हे बी आहे. पाणी घातले नाही, तर ते मातीतच राहते.

म्हणून लहानग्यांशी बोलताना थोडे जपा. त्याची तुलना दुसऱ्याशी करू नका. करायचीच असेल, तर त्याच्या कालच्या कामाशी करा. नुसते "छान" म्हणून पुढे जाऊ नका. जे पाहिले ते सांगा : "तू झाडाची मुळेसुद्धा काढलीस, ती कोणी काढली नव्हती." आणि कधी कधी त्यालाच म्हणा, "हे मला शिकव." मोठ्यांनी धाकट्यांकडे शिकायला बसावे, याहून मोठी शाबासकी धाकट्यांना दुसरी नाही.

तुम्ही स्वतःही रोज उर्दू उजवीकडून लिहिता आणि मराठी डावीकडून. एकाच हाताला दोन्ही वाटा ठाऊक आहेत. उजवी वाट खरी की डावी, असे तुम्ही कधी विचारत नाही. मग घरातल्या धाकट्याची वाट आपल्यासारखी नाही, म्हणून ती चुकीची कशी म्हणावी?