घरांतील कोठार

धान्याचें कोठार घेतांना आपण प्रथम पीक किती येईल तें पाहतों. कागदपत्रांचें, चित्रांचें व ध्वनींचें कोठार घेतांना मात्र लोक जाहिरात पाहतात. ताथवड्यास आमचें बिऱ्हाड व यंत्रभागांच्या आराखड्यांची लहानशी कचेरी हीं दोन्ही एकाच सदनिकेंत असल्यामुळें, या गोष्टीचा विचार आम्हांस गेल्या वर्षीं सावकाश करावा लागला. चाकणच्या कारखान्यांसाठीं काढलेले आराखडे नाहींसे झाले तर पोटास चिमटा बसेल. पण कैलासवासी मातोश्रींनीं जात्यावर म्हटलेल्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण गेलें, तर तें कोणत्याहि किंमतीस पुन्हा मिळावयाचें नाहीं.

ज्या पेटीस ‘नॅस’ म्हणतात, ती म्हणजे राउटरला जोडलेला, अहोरात्र जागा असलेला एक छोटा संगणकच होय. आमच्या चिरंजीवांचा आग्रह ४ तबकड्यांच्या पेटीचा होता. ४ टेराबाइटच्या ४ तबकड्यांवर ‘रेड-५’ ही योजना केली, तर सुमारें १२ टेराबाइट जागा मिळते व एक तबकडी निकामी झाली तरी काम अडत नाहीं. २ तबकड्यांच्या पेटींत दोहोंवर एकच मजकूर उतरविला, तर ८ पैकीं ४ च हातीं लागतात. हिशेब खरा, पण आमचा एकंदर ऐवज मोजला, तों १ टेराबाइटहि भरला नाहीं!

शिवाय १९८८ सालीं पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं बर्कले येथें ‘रेड’ची जी कल्पना मांडली, तिनें तबकडी बिघडली तरी मजकूर वाचतो, हातून पुसला गेलेला मजकूर परत येत नाहीं. एका तबकडीवर पुसलें कीं जोडीच्या तबकडीवरहि पुसलेंच. आग लागली किंवा चोर आला, तर सगळी पेटीच जाते.

हें पटण्यास दूर जावयास नको. ताथवड्याहून देहू जवळच. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या. त्या तेराव्या दिवशीं तरल्या अशी भाविकांची श्रद्धा आहे; लोकांस अभंग मुखोद्गत होते म्हणून ते वाचले, असेंहि सांगतात. चाकणच्या संताजी जगनाड्यांनीं ते लिहून ठेविल्याची परंपरा तर प्रसिद्धच आहे. यांपैकीं कांहींहि माना. एकाच ठिकाणच्या प्रतीवर विसंबूं नये, एवढें त्यांतून निघतेंच.

तेव्हां आम्हीं २ तबकड्यांचीच पेटी घेतली. वांचलेल्या पैशांत एक सुटी तबकडी, आणि वीज गेली असतां पेटी रीतसर बंद व्हावी म्हणून एक यूपीएस घेतला. सुटी तबकडी साताऱ्यास भगिनीकडे असते. दर तीन महिन्यांनीं ती येते व ताजी नक्कल घेऊन परत जाते. मध्यंतरीं आमच्या भाचीनें तीवरील ओव्या ऐकल्या, आणि परवां त्यांतील दोन अगदीं आजीच्या चालींत म्हणून दाखविल्या. तेवढ्या दोन ओव्यांपुरती तरी आमची काळजी मिटली आहे.