नोटीस न आलेली रानं

शक्तिपीठ महामार्गात जाणाऱ्या गट नंबरांची यादी गावात आली, त्यात आमचा नंबर नव्हता. देवळाच्या कट्ट्यावर ती यादी हातोहात फिरत होती. ज्यांचे नंबर होते त्यांनी वकिलाचं नाव विचारायला सुरुवात केली, नव्हते ते ‘सुटलो बाबा’ म्हणत उठले. माझे थोरले चुलते मात्र यादी बाजूला सारून नकाशा मागत होते. “रस्ता कुठनं जातोय ते कळलं,” आण्णा म्हणाले, “पाणी कुठनं जायाचं?”

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या शिरोळ तालुक्यात हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगली की पंचगंगेला पुढं सरकायला जागा उरत नाही. पाणी मागं पसरतं आणि आमच्या मळीच्या रानांत शिरतं. पाणी येणार हे धरूनच आम्ही ऊस लावतो. ते लवकर ओसरलं तर पीक तगतं. पोंग्यात गाळ जाऊन पाणी तुंबून राहिलं, तर वर्षाची कमाई जागेवर कुजते. पावसाळ्यात जिल्हाभर लोक एकमेकांना ‘राजारामला किती फूट?’ असं विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ मध्ये नदी ५५ फुटांवर गेली आणि २०२१ मध्ये तिनं तीही खूण ओलांडली. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला.

मग साहजिकच रस्ते उंच करण्याची मागणी झाली. उंच रस्त्यावरून गाड्या जातात हे खरं. पण पूरपट्ट्यात मुरुमाचा भराव आडवा पडला की पसरत जाणाऱ्या पाण्याला मोजक्या मोऱ्यांतूनच निघावं लागतं. मोऱ्या अपुऱ्या पडल्या की वरच्या अंगाला फुगवटा येतो. एरवी लवकर ओसरणारं पाणी मग मुक्कामाला राहतं.

वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, बारा जिल्ह्यांतून, ८०२ किलोमीटरचा हा सहापदरी रस्ता आखला गेला. आमच्या जिल्ह्यात शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल, भुदरगड आणि आजरा हे तालुके त्यात आले. म्हणजे अर्धी वाट पुराच्या पाण्यातून आणि पुढची गव्यांच्या रानातून. आजऱ्याकडं तर हत्तीही फिरतो.

रस्त्याला विरोध वाढत होता आणि लोकसभेपाठोपाठ विधानसभेची निवडणूक समोर होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोल्हापूरपुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. गुलाल उधळला गेला. विधानसभेच्या दहाही जागा महायुती आणि तिच्या मित्रांकडं गेल्या. त्यानंतर महामार्गाच्या समर्थनार्थ सातबारे गोळा होऊ लागले. २४ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळानं प्रकल्पाला मंजुरी दिली आणि भूसंपादनासाठी हजारो कोटींची तरतूद झाली. मधल्या काळात नदी तीच होती आणि पूररेषाही तीच. रस्ता थांबला तो मतांसाठी, म्हणून मतं पडल्यावर तो परत आला.

आमच्याच भावकीतल्या एकाला हा रस्ता हवा आहे. त्याचं रान थेट जातंय, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे आणि चांगला दर मिळाला तर तो माळाकडं जमीन घेणार आहे. त्याला मी नावं ठेवत नाही. पूर सोसून थकलेल्या माणसाला पैसे घेऊन उंचावर जावंसं वाटणं स्वाभाविक आहे. फक्त तो गेल्यावर त्याच्या जागी उभा राहणारा भराव आमच्या बांधाला लागून असेल.

मंजुरीनंतर आठवड्यानं, १ जुलैला, कृषी दिनी, विरोधकांनी पंचगंगा पुलावर पुणे-बेंगळुरू महामार्ग रोखला. शेतकरी नेते राजू शेट्टी, काँग्रेसचे सतेज पाटील होते. आण्णांना घेऊन मीही गेलो. ‘एक इंचही जमीन देणार नाही’ ही घोषणा घसा फोडून दिली. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या टोलविरोधी लढ्यानंतर टोल घालवलेलं हे कोल्हापूर शहर. रस्त्याच्या पैशाचा हिशेब मागायला कोल्हापूरकर केव्हाच शिकला. पुलावरची भाषणंही जमीन, मोबदला आणि कंत्राट यांच्याभोवती फिरली. आण्णा कठड्याला धरून खाली बघत होते. पुलाच्या किती गाळ्यांतून पाणी चाललंय, ते मोजत होते.

पुढं आम्ही लेखी हरकत घेऊन एका कार्यालयात गेलो. टेबलावरच्या माणसानं गट नंबर तपासला. “तुमची जमीन जातच नाही, मग हरकत कसली?” त्याचा स्वर उद्धट नव्हता. त्याच्याकडच्या फॉर्ममध्ये आमच्यासाठी रकानाच नव्हता.

आण्णांनी त्याला टेबलावर बोटानं नदी काढून दाखवली. भराव कुठं येणार आणि पाणी कुठं थांबणार, तेही दाखवलं. त्यानं शेवटी अर्जावर आवकचा शिक्का मारला.

आता रस्त्याच्या बाजूनं किंवा विरोधात बोलायला कुठल्याही पक्षाचा नेता आला की आम्ही एकच मागतो: संपादनाच्या यादीशेजारी दुसरी यादी लावा. भरावामुळं कुणाच्या रानात किती फूट पाणी वाढेल आणि ते किती दिवस थांबेल, हे गट नंबरासह त्यात लिहा. तशी यादी निघाली तर ती पहिलीपेक्षा मोठी असेल. मग पाठिंबा देणाऱ्यांनी ती हातात धरून पाठिंबा द्यावा.