तीन चाकांची गाडी आणि बोरगावचा कोठा

नागपूरहून छिंदवाड्याच्या बसमध्ये बसले की सावनेर मागे पडते, केळवद येते आणि थोड्याच वेळात सातनूरपाशी महाराष्ट्र संपतो. संपतो म्हणजे पाटीवर संपतो. वावरातली कपाशी तीच, संत्र्याच्या बागा त्याच आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांची बोलीही तीच. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर तिकडे गेले आणि आमचा मुलूख मध्यप्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. तरी लग्नाचा बस्ता अजून नागपूरलाच बांधतात, आणि गाडीचा सुटा भाग हवा असला तरी माणूस नागपूरचीच बस धरतो.

या रस्त्यावरचे बोरगाव बाहेरच्या माणसाला कारखान्यांमुळे ठाऊक असते. १९९१ मध्ये इथे रेमंडचा कापडाचा कारखाना आला. सातनूरच्या बाजूला एबीएस नावाचे प्लास्टिक तयार होते. स्कूटरचे आवरण, हेल्मेटचे कवच अशा कितीतरी वस्तू या प्लास्टिकच्या असतात. कारखाने आले तशी गावाची घडीही बदलली. ज्यांचे आजोबा तिफण धरून पेरणी करत, त्यांची नातवंडे डबा अडकवून शिफ्टला जाऊ लागली. शेतीचे गाव असूनही इथे दर चार घरांआड एखादा फिटर नाही तर वेल्डर सापडतो. बोरगावची ही श्रीमंती रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही.

माझी धाकटी बहीण या गावात दिली आहे. तिचा मुलगा आयटीआय करून एका कारखान्यात कंत्राटी फिटर म्हणून लागला. घरची बैलजोडी विकल्यावर कोठा रिकामा झाला. जिथे गव्हाण होती तिथे त्याने वेल्डिंग मशीन ठेवले, खुंट्यांना ग्राइंडर आणि पाने टांगले. गेली तीन वर्षे सुटीच्या दिवशी तो तिथे एक तीनचाकी गाडी बांधतो आहे. ओझे वाहायची नव्हे आणि सवारीचीही नव्हे. एकट्याने बसून पळवायची, हलकी, खेळाची गाडी! पुढे दोन चाके, मागे एक. ‘अरे, बाप कर्ज काढून बाग जगवतो आणि हा पोट्टा खेळणं बनवते,’ असे गावात बोलले जाणारच. माझे जावईबापूही तेच म्हणत.

मागच्या उन्हाळ्यात बहिणीचा निरोप आला, ‘भाऊ, तुम्हीच येऊन काय ते सांगा. हे म्हणतात कापून भंगारात घाल, आणि तो म्हणतो नागपूरच्या रस्त्यावर काढतो.’ म्हणून मी गेलो.

कोठ्यात पाहिले तर चौकोनी लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा होता. इंजिन जुन्या दीडशे सीसी मोटारसायकलचे. पुढची चाके आणि स्टिअरिंग भंगारात निघालेल्या एका छोट्या मोटारीचे. मागचे चाक चेनवर फिरणारे, मोटारसायकलसारखेच. समोरचे नाकाड फायबरचे. त्याचा साचा त्याने संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या जोडून केला होता. अंगणात खडूने गाडीचा पूर्ण मापाचा नकाशा काढलेला होता आणि त्याच्या बाजूला बहिणीची सकाळची रांगोळी. दोघांनी जागा नीट वाटून घेतली होती.

‘तीनच चाकं काऊन रे?’ मी विचारले.

‘मामाजी, चौथं चाक म्हणजे अजून एक टायर, एक ब्रेक, एक शॉकअप. वजन वाढते, खर्च वाढते. आणि तिपाई कधी डुगडुगते काय?’

उत्तर बरोबर होते, पण निम्मेच. तिपाई डुगडुगत नाही, मात्र तिच्या दोन पायांच्या मधल्या कडेवर भार दिला तर ती चटकन उलटते. तीन चाकांची सगळी विद्या एवढ्या गोष्टीत आहे. जमिनीवर तिन्ही चाके दोरीने जोडली की त्रिकोण होतो. वळणावर गाडीचे वजन बाहेर ओढ घेते. ही ओढ त्रिकोणाच्या कडेपलीकडे गेली की आतले चाक उचलते. म्हणून वजन जितके खाली आणि त्रिकोणाच्या रुंद बाजूला, तितकी गाडी भरवशाची.

ऑटोरिक्षाचे एक चाक पुढे असते. उतारावर ब्रेक दाबत वळताना तिचा भार त्रिकोणाच्या टोकाकडे जातो. अशा वेळी रिक्षा का कलंडते, हे त्यातून कळते. तरी सावकाश चालणाऱ्या सवारीला ती रचना सोयीची. मागे बाक प्रशस्त बसतो आणि गाडी अरुंद गल्लीत वळते. पळायच्या गाडीला मात्र दोन चाके पुढे बरी, कारण ब्रेक लावताच भार रुंद बाजूला येतो.

हे शहाणपण जुने आहे. इंग्लंडमध्ये एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९०९ मध्ये अशीच, पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली हलकी गाडी बांधली. तिथे तीनचाकीला मोटारीपेक्षा कर कमी पडे, म्हणून बेताच्या मिळकतीची माणसे ती घेत आणि शर्यतीतही उतरवत. १९५२ पर्यंत ती बनत राहिली. २०११ मध्ये त्याच कारखान्याने तीनचाकी पुन्हा काढली. आपल्याकडे सत्तरच्या दशकात बंगळूरला ‘बादल’ नावाची फायबरच्या अंगाची तीनचाकी मोटार निघाली होती. तिचे एक चाक पुढे होते. ती फार काळ टिकली नाही.

घरच्या घरी गाडी बांधण्याचे वेडही मराठी मुलखाला नवे नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ मध्ये स्वतःची छोटी मोटार तयार केली आणि पुढे सत्तरच्या दशकापर्यंत तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या. ‘मीरा’ हे तिचे नाव. बारा हजारांच्या आसपास सामान्य माणसाला मोटार द्यावी, अशी त्यांची जिद्द होती. कारखाना काही उभा राहिला नाही. अलीकडे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचे जाहीर कौतुक केले आणि २०२२ च्या जानेवारीत त्या जीपच्या बदल्यात लोहार कुटुंबाला बोलेरो दिली. पण कौतुक करतानाच त्यांनी हेही लिहिले होते, की ही गाडी नियमात बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या ती अडवली जाईल.

जावईबापूंचे आणि भाच्याचे भांडण इथेच होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय कोणतेही वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. नव्या घडणीच्या वाहनाचा नमुना, १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १२६ व्या नियमानुसार, पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेत तपासून घ्यावा लागतो. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सगळे पाहिले जाते. कोठ्यात बांधलेल्या एका गाडीसाठी तो खर्च कोणाच्या आवाक्यातला? भाच्याला हा जुलूम वाटे. ‘रस्त्यावर तर काहीही चालते, माझीच काऊन नाही?’ असे त्याचे म्हणणे.

मी म्हटले, ‘कायदा बाजूला ठेव. आधी वावरात पाहू.’

हरभरा निघाल्यावर खळ्याची जागा मोकळी आणि टणक झाली होती. बहिणीने आधी नारळ फोडला आणि जामसावळीच्या मारुतीचे नाव घेतले. भाच्याने हेल्मेट घातले. सरळ रेषेत गाडी सुरेख पळाली. मग त्याने चुन्याच्या फक्कीने आखलेल्या गोलावर ती वळवली. वेग पंचवीसच्या पुढे नसेल. आतले चाक वीतभर उचलले! त्याने स्टिअरिंग सरळ केले, चाक खाली आले. कोणाला काही झाले नाही. पण खळ्यावर कोणी बोलेना. जावईबापू तसेच वळले आणि घराकडे चालू लागले.

संध्याकाळी आम्ही गाडी तोलली. धान्य मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा एका चाकाखाली आणि बाकी दोन चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या विटा. भाचा आत बसला. असे तिन्ही चाकांचे वजन घेतले. एकूण २५० किलो. त्यातले ११८ मागच्या एकट्या चाकावर आणि पुढे ६६, ६६. म्हणजे जवळजवळ निम्मा भार त्रिकोणाच्या टोकाकडे. त्यात सीट उंच. वेगाने वळले की चाक उचलणारच होते. भाचा आकडे वहीत लिहून बराच वेळ बघत बसला. मग उठला आणि त्याने ग्राइंडर हातात घेतला.

बापाला वाटले, पोरगा रागाने गाडी कापतो आहे. तो कापतच होता, पण सीटखालचा भाग. दोन महिने खपून केलेले जोड त्याने तासाभरात मोकळे केले. पुढच्या पंधरा दिवसांत सीट चार इंच खाली आणि पुढे आली, इंजिन सीटच्या पाठीला भिडले, पेट्रोलची टाकी आणि बॅटरी पुढच्या चाकांजवळ गेली. पुन्हा तोलली तेव्हा पुढे ७९ आणि ७८, मागे ९३. त्या दिवशी चाकांची मापे घेताना दोरीचे दुसरे टोक जावईबापूंनी धरले होते. ते काही बोलले नाहीत, पण ‘भंगारात घाल’ हा शब्द त्यानंतर त्या घरात मी ऐकला नाही.

मला वाटते, बापाची भीती गाडीची नव्हतीच. ज्याला आपली चूक कापता येत नाही, अशा हातात इंजिन असण्याची ती भीती होती. काटा खोटे बोलत नाही आणि पोराने काट्याचे ऐकले, हे बापाने डोळ्यांनी पाहिले. नियमांचे पुस्तकही शेवटी काट्यासारखेच असते, हे भाच्याच्या गळी मग सहज उतरले. गाडी रस्त्यावर काढायची नाही, स्वतःच्या वावरातच चालवायची, हे त्याने आपणहून ठरवले.

आवड असणाऱ्यांना आता वाटा आहेत. आपल्याच राज्यात पिथमपूरला २००७ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांची ‘बाहा’ स्पर्धा भरू लागली. ‘एफिसायकल’ ही तीनचाकी, पायडल आणि बॅटरीवर चालणाऱ्या हलक्या वाहनांची स्पर्धा २०१० साली सुरू झाली. या स्पर्धा कॉलेजातल्या मुलांच्या आहेत. आयटीआय केलेल्या, कारखान्यात राबणाऱ्या, रविवारी कोठ्यात वेल्डिंग करणाऱ्या मुलांसाठी आपल्या भागात असे काही नाही. एखादे मोकळे मैदान, एक तोलकाटा आणि चार जाणती माणसे एवढ्यावर ते सुरू होऊ शकेल. नव्या जिल्ह्याने मनावर घ्यावे असे हे काम आहे.

तान्ह्या पोळ्याला आपली लेकरे चाकांवरचा लाकडी नंदी ओढत दारोदार फिरतात. सुतार तो नंदी घडवतो तेव्हा आधी त्याची चाके सरळ चालतात का ते जमिनीवर लोटून पाहतो, रंग मागाहून देतो. भाच्याच्या गाडीलाही अजून रंग दिलेला नाही. यंदा पावसाळ्यात ब्रेकचे काम चालू आहे. कोठ्याच्या भिंतीवर तीन आकडे खडूने लिहून ठेवले आहेत: ७९, ७८, ९३. बोरगावला गेलात तर कारखान्यांच्या धुराड्यांकडे पाहून परतू नका, गावात आत शिरा. एखाद्या घरामागून ग्राइंडरचा आवाज येईल, तिकडे वळा.