चार बोटांची जागा

मी कादंबऱ्या लिहिते हे आमच्या गावात फारसे कुणाला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याचे विशेष काही वाटत नाही. वाईजवळचे कृष्णाकाठचे हे लहानसे गाव. बालवाडीची बाई एवढी माझी ओळख त्याला पुरते. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. तेव्हा माझ्या लेखणीकडे काम घेऊन कुणी यावे, असा प्रसंग कधी आला नव्हता. तो आला २०२२ सालच्या उन्हाळ्यात, आणि काम घेऊन आल्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई.

"तू लिहितेस ना? मग मेतकुटाच्या पाकिटावर काय लिहायचं तेवढं लिहून दे."

अक्कांचे मेतकूट तीस वर्षे वर्तमानपत्राच्या कागदात बांधून पुण्या-मुंबईला जात होते. पैसे कुणी दिले तर दिले. पण २०२० च्या टाळेबंदीत भावोजींचे दुकान बसले ते पुन्हा उठले नाही. मग अक्कांनी बचत गटातल्या नऊजणींना हाताशी धरले आणि मेतकूट विकायचे ठरवले.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये केंद्र सरकारने छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी एक योजना काढली होती. पाच वर्षांची, १० हजार कोटींची. यंत्रसामग्रीच्या खर्चाला ३५ टक्के अनुदान, तेही १० लाखांच्या आत. निदान १० टक्के आपल्या पदरचे, बाकीचे बँकेचे कर्ज. गटातल्या बाईमागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल, पण ते गटाला परत करायचे. नाव, वेष्टन आणि बाजारपेठ यांसाठीही निम्मा खर्च मिळे. मात्र तो एकट्यादुकट्याला नव्हे, अनेकांनी मिळून एका नावाने आणि एका दर्जाने माल काढला तर. त्याला लागणारा माल दहा बायकांच्या हातून निघणारा नव्हे. तेव्हा आमचे वजनकाटा, पिशवी बंद करायचे यंत्र आणि लेबले हे सारे बीजभांडवलातून, म्हणजे फेडायच्या पैशातून व्हायचे होते. हे मला ठाऊक होते. मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे केले ते ठाऊक असून केले.

मी कागद घेऊन बसले. कृष्णेचा काठ आला, सासूबाईंचे जाते आले, मऊ भातावरची तुपाची धार आली. शेवटी 'पोटाच्या सर्व विकारांवर गुणकारी' असे एक ठसकेबाज वाक्यही आले. अक्कांनी डोळे मिटून ऐकले आणि दुसऱ्या दिवशी पाचशे लेबले छापायला टाकली.

योजनेच्या कामासाठी जिल्ह्यातून एक तरुण मुलगा येत असे. त्याने छापलेले लेबल दोनदा वाचले आणि अतिशय नम्रपणे विचारले, "बाई, वजन कुठं आहे?"

वजन नव्हते. किंमत नव्हती, केल्याची तारीख नव्हती. नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक नव्हता, शाकाहाराचा चौकटीतला हिरवा ठिपकाही नव्हता. आणि खाण्याच्या जिनसेने रोग बरा होतो असे छापणे कायद्याला मंजूर नाही, हे त्याने सर्वांत शेवटी, खाली बघत सांगितले. पाचशे लेबले वाया गेली. अक्का एवढेच म्हणाल्या, "तुझ्या कादंबरीत चालत असेल गं." त्यांनी रागावून घेतले असते तर मला बरे वाटले असते. ती लेबले मी बालवाडीत नेली. पोरांनी ती भिंतभर चिकटवली. पाच-सहा अजून तिथे आहेत, रोज माझ्याकडे बघत असतात.

पुन्हा बसलो. त्या मुलाने पाकिटावर बोटे ठेवून जागा दाखवली. चार बोटांची. तीत सगळे खरे तेवढेच मावले पाहिजे.

"किती दिवस टिकतं?" त्याने विचारले.

"टिकतं कुठं? संपतं!" अक्का म्हणाल्या. पण तेही तपासून लिहावे लागले. पोषणमूल्यांसाठी नमुना प्रयोगशाळेत गेला. गहू काहींना सोसत नाही, म्हणून तो निराळा सांगावा लागला. हिंगाची डबी वाचायला घेतली तर तिच्यावर बारीक अक्षरांत मैदा निघाला. "म्हणजे तीस वर्षं मी हिंग समजून पीठ घालतेय?" अक्कांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दुसऱ्याच्या लेबलाने असा आमच्या स्वयंपाकघरात उजेड पाडला.

खरी अडचण पुढेच होती. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. प्रमाण सांगायची सक्ती नाही. पण दहा घरांत भाजलेले मेतकूट एकाच पाकिटात जायचे तर प्रमाण दहाजणींना एकच हवे. दोन माणसांचे मेतकूट जमले असे आपण सहज म्हणतो. दहा बायकांचे जमवून बघा! एक तांदूळ जास्त घाली, एक मेथीवर हात राखी, एकीला सुंठीवाचून चालत नसे. अक्कांचे प्रमाण मात्र कुणालाच ठाऊक नव्हते. सासूबाईंनी ते अंथरुणावरून त्यांच्या कानात सांगितले होते. मी धाकटी सून. मलाही त्यांनी ते कधी सांगितले नाही, आणि मीही मानाने विचारले नाही.

गटातल्या एकीने लिज्जतची गोष्ट काढली. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. १९६६ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्यांच्या कामाला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली, तिथून सरकारी भांडवलही मिळाले. "पण पापड घरोघरी लाटले तरी पीठ एकाच ठिकाणी मळतात," ती म्हणाली. अक्का काही बोलल्या नाहीत. त्या रात्री त्यांच्या माजघरातला दिवा उशिरापर्यंत जळत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबे आणून काट्याशेजारी मांडले. हरभऱ्याची डाळ, तांदूळ, उडीद, गहू, मग धने, जिरे, मेथी, शेवटी हळद, सुंठ, हिंग. एकेक जिन्नस ओंजळीत घेऊन त्या काट्यावर सोडीत गेल्या आणि आकडे मोठ्याने बोलत गेल्या. मी लिहून घेतले. आयुष्यात इतक्या जपून मी काही लिहिलेले नाही. जायफळाचा आकडा सांगताना त्यांचा आवाज किंचित खाली आला. मग त्यांनी तो पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला.

तक्रारीसाठी नाव आणि फोन नंबर, एवढी शेवटची ओळ उरली. कुणी म्हणाले, भावोजींचा नंबर घाला. अक्का म्हणाल्या, "हात माझा, तर बोलणीही मीच खाईन." त्यांनी स्वतःच्या नावावर नंबर घेतला. लेबलावर त्यांचे नाव छापून आले, तेव्हा घरातल्या मुलांनी विचारले, हे कुणाचं?

कर्ज अजून पुरते फिटलेले नाही. वाईच्या दोन दुकानांत पाकिटे जातात, दिवाळीला थोडी जास्त. पहिला फोन आला तेव्हा मी तिथेच होते. पुण्याहून कुणी बाई विचारीत होत्या, या खेपेला मेथी जरा जास्त झाली का? अक्का फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. पदर सावरला. आणि प्रथम आपले नाव सांगितले, मग म्हणाल्या,

"हो, झाली असेल. सांगितलंत ते बरं केलंत."