मुलींच्या सायकली आणि आमची गाडी

आमचं सायकलचं दुकान आर्णीत आहे. यवतमाळहून उमरखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, अरुणावती नदीकाठचं हे गाव कंबलपोश बाबांच्या दर्ग्यामुळे दूरवर ठाऊक आहे. दुकान अब्बांनी सुरू केलं, आम्ही दोघा भावांनी पुढे चालवलं. लोकांना वाटतं, सायकल कारखान्यातून तयार होऊन येते. तसं नसतं. लुधियानाचा माल नागपूरच्या ठोक बाजारात उतरतो आणि तिथून आमच्यासारख्यांकडे सुटा येतो. फ्रेम एका गठ्ठ्यात, रिम दुसऱ्यात, हब, स्पोक, चेन पेट्यांत. सायकल होते ती दुकानाच्या फरशीवर, पाना आणि ग्रीसच्या संगतीत.

सुटा माल आणणं सोपं असतं. लोखंडाला लोखंड लागलं तरी काही बिघडत नाही. अडचण सुरू होते ती सायकल जोडून झाल्यावर. तीच गोष्ट आता नाजूक होते. चाक एका रेषेत फिरायला हवं, रंगावर ओरखडा नको, ब्रेकची तार ताणलेली नको. पूर्वी खेड्यातलं गिऱ्हाईक सायकल चालवतच घरी न्यायचं. लांबचं असलं तर एसटीच्या टपावर चढवून, लगेजचं तिकीट काढून न्यायचं. एका सायकलचं तसं भागत होतं.

२०११ पासून मानव विकास कार्यक्रम राज्यातल्या १२५ तालुक्यांत राबवला जाऊ लागला. त्यात यवतमाळ जिल्ह्यातलेही तालुके होते. शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल आणि त्यापलीकडच्यांसाठी एसटीची बस, अशी ती सोय होती. त्या काळात शाळा एकदम वीस-पंचवीस सायकली मागवत. आमच्या दुकानासाठी ही मोठीच बरकत होती. २०१३ च्या पावसाळ्यात दूरच्या एका तालुक्यातल्या शाळेची २४ सायकलींची मागणी आली. आम्ही आठवडाभर रात्री दहा-दहापर्यंत बसून त्या जोडल्या.

गाडी भाड्याने केली. मालवाहू ट्रक होता, चांगला मोठा. ड्रायव्हर म्हणाला, एकाच खेपेत नेतो. त्याने सायकली आडव्या टाकल्या, एकीवर एक, आणि वरून एक दोर आवळला. आम्हीही काही बोललो नाही. भाडं एका खेपेचं वाचत होतं, हे कबूल करायला हवं.

शाळेच्या मैदानात सायकली उतरल्या तेव्हा पाच सायकली बिघडलेल्या होत्या. एकीचं पायडल दुसरीच्या स्पोकमध्ये शिरलं होतं. दोघींची चाकं आऊट झाली होती. एकीचं मडगार्ड दबून टायरला घासत होतं, एकीची फ्रेम पार खरवडली होती. मुली रांगेत उभ्या होत्या. ज्या मुलीच्या वाट्याला आऊट चाकाची सायकल आली, ती काही बोलली नाही. तिने हँडल धरलं आणि सायकल ढकलत निघाली. चाक दर फेऱ्याला ब्रेकला घासत होतं. अब्बांनी तिला थांबवलं, म्हणाले, “बेटा, ही ठेव, आम्ही नीट करून आणतो.” तिचा बाप शेजारीच उभा होता. तो हसून म्हणाला, “राहू द्या नं चाचा. फुकटाची आहे बाप्पा, अशीच राहीन.”

त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. तो आम्हाला संकोचातून सोडवत होता. पण अब्बा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर वजू करताना थांबून म्हणाले, “माल अपना नहीं था, अमानत थी.” एवढंच.

ते एवढे का दुखावले, हे आम्हा भावांना माहीत होतं. आमच्या आपाची शाळा सातवीनंतर सुटली. तेव्हा आम्ही गावापासून लांब वस्तीवर राहत होतो. हायस्कूल साडेतीन किलोमीटरवर होतं. घरात सायकलींचा ढीग होता आणि घरातल्या मुलीला सायकल नव्हती. पैशाचा प्रश्न नव्हता. मोहल्ल्यातली सायकलवर बसलेली मुलगी लोकांना बघवणार नाही, असं थोरल्यांनी ठरवलं आणि अब्बांनी मान खाली घातली. आपा रडली नाही, भांडली नाही. ती दुकानात बसून स्पोक लावायला शिकली. आजही चाकाचा आऊट तिच्याइतका चांगला आमच्यापैकी कोणाला काढता येत नाही.

त्या पाच सायकली आम्ही दुरुस्त करून पोचवल्या आणि ठरवलं की गाडी आपलीच घ्यायची. मग कोणती घ्यायची, यावर घरात चार महिने खल चालला.

थोरल्या भावाचं म्हणणं होतं, महिंद्राची बोलेरो पिकअप घ्यावी. दणकट, नऊ फुटांच्या आसपास हौदा, जास्त भार पेलणारी गाडी. त्याच सुमारास अशोक लेलँडची दोस्तही रस्त्यावर दिसू लागली होती, ती २०११ मध्ये आलेली. आणि तिसरी म्हणजे टाटांची एस. २००५ मध्ये ही गाडी बाजारात आली, तेव्हा तिचं दोन सिलिंडरचं इंजिन बघून लोक हसले होते. पुढे त्याच लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हणत डोक्यावर घेतलं. तिचा हौदा सात फुटांचा, रुंदी पाच फुटांना थोडी कमी, भार पाऊण टनाचा.

आम्ही दुकानाच्या फरशीवर खडूने तिन्ही हौदे आखले आणि त्यात खऱ्या सायकली उभ्या करून पाहिल्या. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मुलींची सायकल साडेपाच फूट लांब असते. ती आडवी मावत नाही, गाडीच्या लांबीतच उभी करावी लागते. एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे, अशी उलटसुलट लावली तर एकीचं हँडल दुसरीच्या कॅरिअरजवळ येतं आणि दोन सायकलींत नऊ-दहा इंच अंतर पुरतं. छोट्या हौद्यात अशा सहा बसल्या. मोठ्यात सात. दोन फूट लांबी वाढली, पण सायकल वाढली ती एकच. कारण दुसरी रांग लावायला अकरा फूट हवेत. पुढचं चाक काढलं तर सायकल साडेचार फुटांची होते आणि नऊ फुटांच्या हौद्यात दोन रांगा कशाबशा मावतात. पण मग सायकल चिमट्याच्या टोकांवर उभी राहते, आणि ती टोकं वाकली की चाक पुन्हा सरळ बसत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. सहा सायकली म्हणजे शंभर-सव्वाशे किलो. आम्ही समजत होतो, गाडी जितकी दणकट तितका माल सुरक्षित. एका ओळखीच्या गॅरेजवाल्या चाचांनी तो गैरसमज काढला. जास्त भार पेलायला बनवलेले पाटे शंभर किलोला वाकतच नाहीत. रिकामी पिकअप खड्ड्यातून कशी उड्या मारते ते पाहा, म्हणाले. तो प्रत्येक धक्का जसाच्या तसा सायकलीला बसतो. धान्याच्या पोत्यांना मोठी गाडी, हलक्या मालाला हलकी गाडी. सायकल जागा फार खाते, वजन थोडं देते. तिला ताकद नको असते, धरून ठेवणं हवं असतं.

तिसरी गोष्ट उंचीची. अब्बांची कंबर तेव्हाच दुखायची. छोट्या गाडीचा हौदा खाली असतो, सायकल फार न उचलता आत जाते. आणि आमच्या गल्लीत किंवा खेड्यातल्या बोळात वळायला तीच बरी.

चौथी गोष्ट पैशाची होती, आणि खरी ओढाताण तिथेच झाली. नवी गाडी घ्यायची तर फायनान्सशिवाय इलाज नव्हता. म्हणजे व्याज आलं. थोरला भाऊ म्हणाला, सगळेच घेतात, मजबुरी आहे. अब्बा म्हणाले, ज्या गाडीत अमानत ठेवायची ती व्याजावर नको. आम्ही मधल्यामध्ये सापडलो. हा प्रश्न आमच्यासारख्या प्रत्येक कष्टकरी घरासमोर येतो आणि त्याचं सोपं उत्तर कोणाजवळ नाही. भावाचं म्हणणंही चूक नव्हतं. शेवटी दुकानाची बचत, अम्मीची भिशी आणि दिग्रसच्या मामूंनी दिलेलं कर्ज-ए-हसना मिळून जी रक्कम झाली, तिच्यात जुना छोटा हत्ती बसत होता. मोठ्या गाडीचा निर्णय असा आपोआप मिटला. मामूंचं कर्ज आम्ही अडीच वर्षांत फेडलं.

जुनी गाडी बघायला जाताना आम्ही सोबत एक सायकल घेऊन गेलो. विकणारा चक्रावला. आम्ही सायकल हौद्यात बांधली, दहा किलोमीटरचा कच्चा रस्ता धरला आणि मागे बसून नव्हे, थांबून-थांबून तपासत गेलो. पहिल्या गाडीच्या फाळक्याची कडी धक्क्याने सुटत होती. दुसरीच्या तळाचा पत्रा गंजून चाळण झाला होता, वरून मात्र ताजा रंग. तिसरी पसंत पडली. तिचा रंग उडाला होता, पण तळ शाबूत होता, फाळका घट्ट बसत होता आणि दोन्ही बाजूंना दोर अडकवायच्या कड्या जागेवर होत्या. सायकलवाल्याने गाडीत हेच बघायचं असतं. इंजिन तर कोणीही बघतो.

बांधण्याची रीत आम्ही चुका करत शिकलो. तळाला जुन्या टायरचं रबर अंथरलं. आरटीओच्या परवानगीशिवाय गाडीच्या मूळ बांध्यात फेरफार करता येत नाही, म्हणून जोडकाम न करता लाकडी चौकट केली, हवी तेव्हा काढून ठेवता येईल अशी. तिच्या खाचांत चाकं बसतात. आतल्या बाजूची पायडलं काढून पिशवीत ठेवायची. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, नवखा पोरगा हमखास तिथे अडतो. दोन सायकलींमध्ये बारदान. दोर कधीही रिमला, स्पोकला किंवा ब्रेकच्या तारेला बांधायचा नाही, फ्रेमच्या नळीलाच बांधायचा. नायलॉनच्या दोरापेक्षा पंक्चर होऊन होऊन निकामी झालेल्या ट्यूबच्या पट्ट्या सरस. त्या ताण घेतात, रंग खात नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दहा किलोमीटर गेल्यावर थांबायचं. धक्क्यांनी माल बसतो आणि घट्ट वाटलेल्या गाठी सैल पडतात. तिथे पुन्हा आवळलं की मग शाळेपर्यंत काळजी नाही.

पंक्चरवाले म्हणून आम्हाला हिणवणारे भेटतात. हल्ली जास्त भेटतात. त्यांना काय सांगणार? पंक्चरच्याच ट्यूबा आज शाळेच्या सायकली सांभाळतात.

या निवडीत आमचं नुकसानही झालं. मोठी गाडी असती आणि पुढची चाकं काढून दोन रांगा लावल्या असत्या, तर खेपा वाचल्या असत्या. २४ सायकलींना आम्हाला चार खेपा पडत, डिझेल जाई, दिवस जाई. हंगाम नसला की गाडी सिमेंट, मंडपाचं सामान, सोयाबीनची पोती वाहते, तेव्हा कुठे हिशेब जुळतो. परतीच्या वाटेवर शाळेतून पायी जाणारी मुलं हात करतात, “चाचा, मागे बसू द्या नं.” मालाच्या हौद्यात माणूस बसवायचा नाही, हा नियम आम्ही पाळतो, आणि दर वेळी मन थोडं खट्टू होतं.

आता एकगठ्ठा मागणी राहिली नाही. सायकलीचे पैसे थेट मुलीच्या खात्यात जाऊ लागले. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. मुलगी बापाबरोबर दुकानात येते, रंग निवडते, घंटी वाजवून बघते. ब्रेक सैल वाटला तर तसं तोंडावर सांगते. फुकटाची आहे, अशीच राहीन, असं आता फारसं कोणी म्हणत नाही. आम्ही एका गावच्या तीन-चार सायकली जमल्या की पोचवून येतो.

गेल्या वर्षी एक खेप एकाच सायकलीची झाली. आपाची मुलगी नववीत गेली. शाळा घरापासून चार किलोमीटर. आपाने फोन केला आणि म्हणाली, “चाकं मी स्वतः बांधणार आहे, तुम्ही फक्त माल पाठवा.” अब्बा ऐकेनात. म्हणाले, चाकं तिने दुकानात येऊन बांधावी, पोचवायला मी जाणार. आपा आली. दोन्ही चाकं तिने बांधली, आऊट काढला, बोटाने फिरवून पाहिली. मग अब्बांनी ती एकटी सायकल हौद्याच्या मधोमध उभी केली. दोन्ही बाजूंना बारदान, वर चादर, आठ पट्ट्या. अब्बांची आता सत्तरी उलटली आहे, हात थरथरतात. गाठी आम्ही मारल्या, त्यांनी एकेक चाचपून पाहिली.

आर्णीपासून दहा किलोमीटरवर आम्ही नेहमीप्रमाणे गाडी थांबवली. अब्बा उतरले, मागे गेले. पट्ट्या घट्टच होत्या. तरी त्यांनी त्यातली एक सोडली आणि पुन्हा बांधली. आपा पुढच्या सीटवर बसून आरशात बघत होती. आम्ही गाडी सुरू केली.