सकाळपासून तोंड उघडलं नाही

पुणे, १२ डिसेंबर

प्रिय ताई,


परवा अकरा वाजता फोन केला तेव्हा तुझा आवाज घोगरा लागला. सर्दी झाली का विचारलं, तर म्हणालीस, "नाही गं, सकाळपासून तोंडच उघडलं नाही ना!" आणि हसलीस. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. फोनवर तू विषय बदलतेस. कागदावर तुला तो बदलता येणार नाही.

"मी एकटी आहे, एकाकी नाही," हे तुझं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे. शब्द दोन आहेत हे खरंच. अमेरिकेतल्या संशोधकांनीही या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. माणसांशी संबंध किती उरलाय, हे एक. आणि मनाला काय वाटतं, हे दुसरं. पाळी गेलेल्या ५७,८२५ वयस्कर बायकांकडून २०११ ते २०१५ च्या दरम्यान त्यांनी प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि २०१९ पर्यंत त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवलं. त्यांतल्या १,५९९ जणींना हृदय-रक्तवाहिन्यांचा आजार झाला. २०२२ मध्ये निष्कर्ष छापून आले. माणसांपासून तुटलेल्या बायकांत धोका ८ टक्के जास्त, एकाकी वाटणाऱ्यांत ५ टक्के जास्त, आणि दोन्ही ज्यांच्या वाट्याला आलं त्यांच्यात १३ ते २७ टक्के जास्त. म्हणजे तुझं उत्तर शब्दशः खरं मानलं, तरी तू पूर्ण सुटत नाहीस.

घाबरवायला हे लिहीत नाही. असे अभ्यास दोन गोष्टी बरोबर चालताना दाखवतात. एकीनेच दुसरी घडली, असं छातीठोकपणे सांगत नाहीत. त्या बायकाही अमेरिकेतल्या, वाईच्या नव्हेत. पण वाईतलं मी डोळ्यांनी पाहिलंय. भाऊजी होते तेव्हा तुझ्याकडे रोज चारीठाव स्वयंपाक असायचा. आता "एकटीसाठी काय करायचं" म्हणून सकाळी चहा-खारी, दुपारी मऊ भात, लोणचं, पापड. रक्तदाबाच्या माणसाला नेमकं नको तेवढं मीठ त्यात. संध्याकाळी घाटापर्यंत जायचीस, कारण सोबत होती. सोबत मुलाकडे बंगळूरला गेली आणि तुझ्या चपला दाराशीच राहिल्या. रात्री दोनला जाग येते, मग पहाटेपर्यंत छताकडे बघत पडतेस. मनावरचा ताण आणि अपुरी झोप वर्षानुवर्षं चालली, की रक्तदाब चढता राहतो. एकटेपण हृदयापर्यंत जातं ते असं, स्वयंपाकघरातून आणि अंथरुणावरून.

आणखी एक. बाईचा हार्ट अॅटॅक दर वेळी सिनेमातल्यासारखा छाती धरून येत नाही. कधी नुसता दम लागतो, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. आपण म्हणतो पित्त झालं, आणि आल्याचा तुकडा चघळत बसतो. घरात माणूस असेल तर तो म्हणतो, "तुझा चेहरा असा का दिसतोय?" हा प्रश्न विचारणारं तुझ्या घरात आज कोणी नाही.

एकाकीपण मोजायला तीन साधे प्रश्न विचारतात. सोबतीची उणीव वाटते का? आपल्याला वगळलंय असं वाटतं का? सगळ्यांपासून तुटल्यासारखं वाटतं का? क्वचित, अधूनमधून की वारंवार, एवढंच सांगायचं. रक्तदाब दाखवायला जाशील तेव्हा ही तीन उत्तरंही डॉक्टरांना सांग. साखर किती हे सांगताना आपण लाजत नाही. हे सांगायला मात्र जीभ अडते. आईने आपल्याला "मला मेलीला काय होतंय" एवढंच म्हणायला शिकवलं, आणि आपण ते नको इतकं चांगलं शिकलो.

आता माझी चूक. दर रविवारी फोन करते आणि विचारते काय? गोळ्या घेतल्यास का, बीपी किती आलं, गॅस बंद केलास ना. ही चौकशी झाली, बोलणं नव्हे. तुला तर बोलायला लागतं! भाचीच्या लग्नातला आहेर, मुरांब्याचा पाक, नगरपालिकेचं राजकारण. ते सगळं तुझ्यात पडून आहे आणि ऐकायला समोर माणूस नाही. यापुढे रविवारी तू सांगायचंस, मी ऐकायचं.

गुरुवारचं भजनी मंडळ भाऊजी गेल्यापासून सोडलंस, ते पुन्हा धर. पेटी तुझ्याइतकी कोणाला वाजवता येत नाही, हे तुलाही माहीत आहे. त्या बायकांना तुझी गरज आहे. घराची एक किल्ली शेजारी दे. सकाळी दहापर्यंत तुझं दार उघडलं नाही तर कडी वाजवायची, एवढं त्यांना सांगून ठेव. यात कमीपणा नाही. त्यांची सून बाळंतीण होती तेव्हा दोन महिने डिंकाचे लाडू कोणी पुरवले होते?

शनिवारी सकाळी स्वारगेटहून सातच्या एसटीने निघते. स्वयंपाक करून ठेवू नकोस, दोघी मिळून करू. आणि मला घ्यायला स्टँडवर ये. रिक्षा मिळते, घर मला सापडतं, सगळं मान्य. तरी ये.

तुझी,
धाकटी