गोर का ओरडला नाही?

आमचे चिरंजीव रात्री दार लावून अभ्यास करतात, असा माझा बरेच दिवस समज होता. परवा आतून असा काही आवाज आला की सौ. पोळपाट टाकून धावत आली. "अहो, पोराचा घसा पार गेलाय! मी वाफाऱ्याचं पाणी ठेवते."

मी दार ढकललं. चिरंजीवांचं तोंड बंद होतं. ओरडत होता तो स्पीकर.

"बाबा, हे डेथ मेटल. बँडचं नावच 'डेथ'," असं म्हणून त्यांनी फोनवर अल्बमचं कव्हर दाखवलं. नाव होतं 'स्क्रीम ब्लडी गोर'.

"असं होय! मग ओरडू दे," मी म्हटलं. "त्या बिचाऱ्या गोरवर अन्यायच झाला होता."

चिरंजीवांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. अल्बम निघाला १९८७ साली. फ्लोरिडात वाढलेल्या चक शुल्डिनर नावाच्या पोराने गाणं, गिटार, बास सगळं स्वतःच केलं. ड्रमला तेवढा एक जोडीदार. आणि 'गोर' म्हणजे रक्तामांसाचा चिखल! माझा गोर, म्हणजे अल गोर, हरला तोही फ्लोरिडातच, पण २००० साली.

आता मोजणीचा विषय निघाल्यावर बँकेतला कारकून गप्प कसा बसणार? साठ लाखांच्या आसपास मतं, आणि पहिल्या मोजणीत बुश पुढे १,७८४ ने. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणून कायद्याने यंत्रावर फेरमोजणी. आघाडी घसरून काही शेकड्यांवर आली. मग काही ठिकाणी हातांनी मोजणी. कार्डाला भोक पाडून मत द्यायचं, पण कुठे भोकाचा तुकडा लोंबकळतोय, कुठे नुसताच खळगा. मोजणारे भिंग लावून बघतायत. आम्हीही पाचशेची नोट उजेडात धरतो, पण ती देणाऱ्याच्या मनात काय होतं, ते आम्हाला ओळखावं लागत नाही.

शेवटी १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी संपवली. तिथे मतं नऊच, त्यामुळे बेरीज लगेच जुळली. फरक राहिला ५३७ चा. २००१ साली वृत्तपत्रांनी पावणेदोन लाख मतपत्रिका तपासून घेतल्या, तर मोजायचा नियम बदलला की विजेता बदलत होता!

"मग गोर ओरडला नाही?"

"नाही. निकाल पटला नाही म्हणाला, आणि मान्य केला."

"कसं काय जमलं?"

का कोण जाणे, मी बोलून गेलो. "गेल्या वर्षी माझी कॅश पाचशेने कमी आली. सहा वेळा मोजली. कुठल्या गिऱ्हाइकाला जास्त गेले तेही मला ठाऊक होतं. तो नाही म्हणाला. साहेब म्हणाले, भरून टाका. भरले."

"आणि ओरडला नाहीत?"

"कुणावर ओरडणार?"

चिरंजीवांनी काही न बोलता स्पीकर माझ्या बाजूला सरकवला आणि आवाज वाढवला. खरं सांगतो, दोन मिनिटं बरं वाटलं. शब्द एकही कळला नाही, पण तक्रार कळली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. वाफाऱ्याचं पातेलं घेऊन सौ. उभी होती.

"कसले पाचशे?"

आणि आमच्या घरी फेरमोजणी सुरू झाली.